पितृपक्षात घेतलेल्या खोल्या

माझ्या दोन्ही धाकट्या बहिणी माझ्या मनवेलपाड्याच्या घरी आजवर एकदाही मुक्कामाला आलेल्या नाहीत. जेवायला आल्या, माझ्या दुकानातून परकर आणि ब्लाउजपीस घेऊन गेल्या, पण दिवे लागायच्या आत दोघींच्या नजरा घड्याळाकडे जायला लागतात. विरार लांब पडतं म्हणतात. भावाच्या डोंबिवलीला मात्र दिवाळीत आणि मे महिन्यात मुलाबाळांसह राहायला जातात. ते माहेर. आईवडील गेल्यावर माहेर भावाच्या घरी जातं, लग्न न केलेल्या थोरल्या बहिणीच्या घरी येत नाही. हे मला कोणी तोंडावर सांगितलं नाही. सांगायची गरजही पडली नाही.

घर माझ्या एकटीच्या कमाईचं आहे. आगाशीच्या बाजारात पाठीवर गाठोडं घेऊन परकर विकण्यापासून सुरुवात केली, मग विरारला पूर्वेला गाळा घेतला, मग घर. बिल्डरशी मी इतकी भांडले की तो शेवटी म्हणाला, "बाई, पाहिजे त्या भावात घ्या, पण पुन्हा माझ्या ऑफिसात येऊ नका." ती मला शाबासकीच वाटली. येणाऱ्यांसाठी म्हणून त्या घरात मी दोन जादा गाद्या करून घेतल्या. त्या अजून कपाटावर प्लास्टिकमध्ये आहेत.

एका गणपतीत धाकटीचा फोन आला. बोलता बोलता आई सांगायची त्या हडळीच्या गोष्टीचा विषय निघाला. आई कोकणातली. दिवे गेले की आम्हाला जवळ घेऊन उलट्या पायांच्या बाईची गोष्ट सांगायची, आणि धाकटी भीतीने माझी वेणी घट्ट धरून बसायची. ती आठवण निघाली आणि ती म्हणाली, "ताई, आपण तिघीच कुठेतरी जाऊया ना. अगदी भुताच्या गावाला गेलो तरी चालेल."

ती सहज बोलली असेल. मी बोललेला शब्द धरणारी बाई आहे. घरी येत नाहीत तर बाहेर तरी एक रात्र माझ्याबरोबर राहतील, एवढाच माझा हिशेब होता. भुताचं गाव शोधायला लांब जायची गरज नव्हती. वसईचा किल्ला आहे, त्यात छप्पर उडालेली चर्चं आहेत, भिंतींतून वडाची मुळं उतरली आहेत, जमिनीत जुन्या थडग्यांच्या फरश्या आहेत. पारनाक्यावरचे रिक्षावाले सांगतात की एका पडक्या जिन्यावर संध्याकाळी गोरी बाई दिसते. मी कधी पाहिली नव्हती, पण गिऱ्हाईक आणायला ती पुरेशी होती.

मधलीला फोन केला. ती म्हणाली, "भूत चालेल गं ताई, पण संडास घरात आहे ना?"

"आहे."

"पाली?"

"भुताला घाबरत नाहीस आणि पालीला घाबरतेस?"

"भूत काय भिंतीवरून अंगावर पडत नाही."

दोघी हो म्हणाल्या. शनिवारी दुपारी यायचं, रविवारी संध्याकाळी परत. मुलं नाहीत, नवरे नाहीत.

किल्ल्याच्या वाटेवर केळीच्या वाडीत एका ख्रिस्ती म्हातारीचं घर होतं. पुढच्या दोन खोल्या ती पिकनिकवाल्यांना द्यायची. सगळे तिला आंटी म्हणायचे. तिच्या ओट्यावर बसून मी घासाघीस सुरू केली. आधी विचारलं, इथे भूत आहे का?

तिला राग आला. "आमी रोज सांजच्याला घरात माळ म्हनतो. भूत येईल कशाला?"

"मग भाव कमी करा. मी भुतासाठी आलेय."

तिने मला नीट न्याहाळलं. "असं होय. मंग हाय ना. मागच्या चिंचेवर हाय एक. पन त्याचे वेगळे पडतील."

बाई माझ्याच जातकुळीची निघाली. तेव्हा मी हुकमाचा पत्ता टाकला. आम्हा हिंदूंचा पितृपक्ष चालू होणार, त्या पंधरवड्यात कोणी सहलीला निघत नाही, लग्न करत नाही, नवा कपडा घेत नाही. तुमच्या खोल्या रिकाम्याच राहणार आहेत. हे ज्ञान माझ्या धंद्यातलं. दरवर्षी मी पितृपक्षातच घाऊक बाजारात जाते. व्यापारी पंख्याखाली जांभया देत बसलेले असतात आणि नवरात्रीचा माल पडत्या भावात देतात. माझ्यासाठी पितृपक्ष म्हणजे खरेदीचे दिवस, एवढंच होतं.

म्हातारीने मुकाट्याने निम्म्या भावात खोल्या दिल्या. मग विचारलं, "कोनी निघत नाय, तर तुमी कशा निघता?"

"मला कोण अडवणार आहे?"

हे मी तोऱ्यात म्हटलं होतं.

तयारी मी जीव ओतून केली. तीन टॉर्च घेतले. दुकानातला सगळ्यात लांब पांढरा परकर बाजूला काढला. चिंचेवर टांगायचा, त्याला दोरी बांधायची आणि अंधार पडला की खिडकीतून ओढायची, म्हणजे धाकटी किंचाळून मला येऊन बिलगेल. रविवारच्या जेवणाला ओल्या बोंबलांचं तिखट कालवण आंटीला सांगून ठेवलं. आईच्या हाताला जशी चव होती तशी होईल का, विचारलं. ती म्हणाली, तुमची आई मला काय ठाव.

शनिवारी सकाळीच एसटीने निघाले आणि वाडीत पोचले. शिडी मागून परकर टांगला, दोरी ओढून पाहिली. छान हलत होता. तेवढ्यात आंटीने घरातून हाक मारली. मी बहिणींना तिचा फोन नंबर देऊन ठेवला होता.

फोनवर धाकटी होती. "ताई, रागावू नकोस. रात्री वहिनीचा फोन आला होता. उद्या नवमी आहे."

"मग?"

"अविधवा नवमी, ताई. आईची."

आमची आई वडिलांच्या आधी गेली, सवाष्ण गेली, म्हणून तिचं श्राद्ध त्या नवमीला असतं. भाऊ करतो. मला हे माहीत नव्हतं असं नाही. पण तिथी ज्यांच्या घरी स्वयंपाक असतो त्यांच्या लक्षात राहते. बहिणींच्याही डोक्यात त्यांच्या सासरच्या तिथ्या होत्या. वहिनीने आठवण करून दिली तेव्हा त्यांना कळलं, आणि मला तर कोणी आठवण करूनही दिली नव्हती.

"आम्ही दोघी आजच डोंबिवलीला जातोय, स्वयंपाकाला मदत लागेल," धाकटी म्हणाली. "तूही ये ना."

"मला बोलावलंय?"

"आईचं आहे, ताई. बोलवायला कशाला हवं?"

"तुला बोलावलं ना? मधलीला बोलावलं ना?"

मागून मधलीचा आवाज आला, "सांग तिला, खोल्यांचं काय ते आम्ही देतो."

माझं डोकं फिरलं. मी म्हणाले, "खोल्यांचं मला सांगू नका. जा, वडे-खीर खा. आणि वहिनीला सांगा, माझं पान वाचलं." फोन आपटला. क्रोशाच्या रुमालावर ठेवलेला तो फोन घसरून खाली लोंबकळला. आंटीने उचलून जागेवर ठेवला.

ते शब्द मी मागे घेतलेले नाहीत. त्या पंधरवड्यात खोल्या घेतल्या हे खरं, पण मला एक फोन करायला डोंबिवलीत कोणाला जमलं नाही, हेही खरं.

घरी परत जाता आलं असतं. पण मनवेलपाड्याला कोण होतं? मी आंटीला म्हटलं, "एक खोली परत घ्या."

"पैसे नाय परत मिळनार."

"नको. त्या बदल्यात उद्या माझ्याबरोबर जेवा."

तिने विचार केला. "सकाळी चर्चात मिस्सा. मंग लेकीकडे जायचंय, नातवाचा वाढदिवस हाय. डब्यात घालून देते तुमाला."

हा सौदा मला जमला नाही.

संध्याकाळी मी खिडकीत बसले होते. मागे केळीची पानं काळी व्हायला लागली होती, आणि चिंचेवर काहीतरी पांढरं हललं. मीच टांगलेला परकर, दोरीचं टोक माझ्याच खिडकीला बांधलेलं, आणि तरी मी दचकले. मग हसू आलं. ते हसू ऐकायला खोलीत कोणी नव्हतं म्हणून लगेच थांबलंही. आंटी आत माळ म्हणत होती. एकटीचाच आवाज, अर्धी प्रार्थना ती म्हणायची आणि दुसऱ्या अर्ध्यासाठी क्षणभर थांबून तीही तीच म्हणायची.

माळ झाल्यावर ती चहा घेऊन आली. "आमी नोव्हेंबरात कबरीवर मेनबत्त्या लावतो," ती म्हणाली. "तुमच्यात काय करतात?"

"आमच्यात मुलगा करतो."

"आनि मुलगी?"

"मुलगी जेवते."

"मंग उद्या जेवा," ती म्हणाली आणि कप घेऊन गेली.

रविवारी तिने डबा दिला. मी किल्ल्यात गेले. दिवसाढवळ्याही तिथे माणूस हळू बोलतो. एका छप्पर नसलेल्या चर्चमध्ये, जिन्याच्या पायथ्याशी सावलीत बसले. गोरी बाई दिसली नाही. बंदराच्या बाजूने वाळत घातलेल्या बोंबलांचा वास येत होता. डबा उघडला. कालवण आईच्या चवीचं नव्हतं, पण तिखट तसंच होतं, नाकातून पाणी काढणारं.

पहिला घास घेतला आणि थांबले. श्राद्धाला बोंबील चालत नाहीत हे मला ठाऊक आहे. मुलीने पान ठेवायचं नसतं हेही ठाऊक आहे. पण आईला खीर कधी आवडली नाही. ती बोंबलासाठी कोळणीशी भांडायची. घासाघीस मी तिच्याकडूनच शिकले. मी डब्याच्या झाकणात भात घेतला, त्यावर बोंबलाचा तुकडा ठेवला आणि पडक्या भिंतीवर नेऊन ठेवला. म्हटलं, "यायचं तर ये. डोंबिवलीलाही बोलावणं आहे तुला."

मी वळून जागेवर पोचायच्या आत कावळा आला. तुकडा उचलला, आणि उडून न जाता तिथेच भिंतीवर बसून खाल्ला. मासळीच्या बंदरातले कावळे, ते टपलेलेच असतात. यातून अर्थ काढण्यासारखं काही नाही, हे मला कळतं. तरी तो जाईपर्यंत मी जेवले नाही.

निघताना परकर काढायला गेले तर आंटी म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. पिकनिकवाल्यांना दाखवीन." मी त्याचे पैसे मागितले. तिने केळ्यांचा घड दिला.

सोमवारी दुकानात धाकटीचा फोन आला. माझा राग गेला का, ते चाचपून बघत होती. मी गिऱ्हाईक आहे म्हणाले, पण फोन ठेवला नाही. ती सांगत राहिली, खीर छान झाली होती, मधलीची कंबर धरली, मुलं भुकेने रडकुंडीला आली होती.

"का?"

"कावळा शिवेना ना. भाऊ गच्चीवर पान ठेवून काव काव करून थकला. दुपार उलटून गेली. वहिनी म्हणाली, आईंच्या मनात काहीतरी राहिलंय. शेवटी खूप उशिरा आला. एवढा वेळ कुठे अडकली होती कोण जाणे."

माझ्यासमोर गिऱ्हाईक नव्हतं. परकरांचे गठ्ठे होते आणि रस्त्यावर ऊन होतं.

"तू काल काय केलंस?" तिने विचारलं.

"जेवले," मी म्हणाले.

ती पुढे काही विचारील म्हणून मी फोन कानाशी धरून थांबले. विचारलं असतं तर सांगितलं असतं. पण ती म्हणाली, "बरं, ठेवते, दिवाळीला भेटूच डोंबिवलीला," आणि तिने फोन ठेवला.