फोनवरून हुंगलेले हॉप्स

मंडळी, आज जाम थकलोय, पण हे सांगितल्याशिवाय झोप लागणार नाही.

हॉटेलातली ड्युटी संपवून इंटरनॅशनल सिटीच्या, म्हणजे माझ्या खोलीकडे जाणाऱ्या बसमध्ये बसलो, तोच वसईहून धाकट्या भावाचा, एल्टनचा व्हिडिओ कॉल आला. पुढच्या महिन्यात बहिणीचं लग्न आहे आणि त्यासाठी तो घरी बिअर बनवतोय. इथे आखातात आपल्याला तसलं काही करता येत नाही, म्हणून मी हौस फोनवरच भागवतो.

"दादा, लागरचं यीस्ट घेऊ?"

"नको रे, त्याला गारवा लागतो. उकाड्यात टिकणारं, एल बिअरचं यीस्ट घे."

माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य, साधंच ठरलं, रंगापुरतं थोडं भाजलेलं. बिअरला कडवटपणा आणि वास देणाऱ्या फुलांवर, हॉप्सवर, मात्र गाडी अडली.

"दोन पाकिटं आहेत. एकाला संत्र्याच्या सालीसारखा वास आहे. दुसऱ्याचा सांगता येत नाही. थांब, तूच बघ," म्हणत त्याने उघडं पाकीट थेट कॅमेऱ्याला लावलं. स्क्रीन हिरवीगार झाली.

आणि मीही फोन नाकाला लावून खोल श्वास घेतला. भर बसमध्ये! शेजारचा म्हणाला, "भाईसाब, तबियत ठीक है ना?"

"आला वास?" एल्टनने विचारलं.

"आला. हेच टाक."

आला होता तो माझ्याच शर्टाला बसलेला हॉटेलच्या तळणीचा वास. सुट्टीचं विचारलं की मॅनेजर रोज इन्शाल्ला म्हणतो. बिअर लग्नापर्यंत नक्की तयार होईल. मी पोचेन की नाही, कोण जाणे.

तुम्ही शेवटचं काय हुंगलंत, फोनवरून?