वन्संनी बांधलेली दोरी

फोन आला तेव्हा मी ऑफिसात दाखल्यांचे अर्ज लावत होते. माझ्या थोरल्या नणंदेचा, सुमनवन्संचा मुलगा अणदूरहून बोलत होता. "मामी, आई गेली," एवढंच म्हणाला. सकाळी भाकरी करता करता छातीत कळ आली आणि दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. मी बरं म्हटलं. उरलेले अर्ज लावले, गठ्ठ्याला दोरा बांधला आणि मग साहेबांना सांगितलं. याला आता दीड महिना झाला. बायका म्हणतात, रडून घे, मोकळी हो. येत नाही रडू, त्याला मी काय करू...

वन्संचा मला पहिल्यापासून धाक. आयुष्यभर आरोग्य केंद्रात नर्स म्हणून काम केलेलं. लोहाऱ्याला आमच्या घरी आल्या की आधी माठावरचं झाकण उचलून बघायच्या. त्या येणार म्हटलं की मी ओटा दोनदा पुसायची. म्हणूनच प्रज्ञाचं दुखणं मी सगळ्यांत जास्त त्यांच्यापासून लपवलं. माझी लेक तेव्हा नववीत होती. जांघेत खाज, लाल चट्टे, आग. बिचारी कितीतरी दिवस लाजून बोललीच नाही, आणि बोलली तेव्हा मी काय म्हणाले, तर "नीट धुत न्हाईस, म्हणून व्हतंय." मग मेडिकलमधून ट्यूब आणली, तीही माझ्याच पायाला खाज आहे असं सांगून, कारण दुकानात पुरुष उभे होते. ट्यूब लावली की चार दिवस बरं, पाचव्या दिवशी दुप्पट. वर बादलीत जंतुनाशक टाकून तीन-तीनदा अंघोळी. असे सहा महिने गेले. पोरीनं खो-खो सोडला, मग शाळाच बुडवायला लागली, आणि मी आपली ट्यूबमागून ट्यूब आणत राहिले.

तशात वन्सं मुक्कामाला आल्या. प्रज्ञाचं चालणं बघूनच त्यांनी ओळखलं असावं. विचारलं काहीच नाही, सरळ न्हाणीत गेल्या आणि खुंटीवरचा टॉवेल उचलला. त्याखाली पोरीचे आतले कपडे होते. आमच्याकडे बायकांचे ते कपडे असेच वाळतात, म्हणजे खरं तर वाळतच नाहीत. अंगणात सासरे बसतात, दीर येतात-जातात, कुणाच्या नजरेला पडायला नकोत. मला माझ्या आईनं तसं शिकवलं, मी लेकीला शिकवलं. वन्संनी कपडा हातात दाबून पाहिला. मग ट्यूब मागितली, डोळ्यांजवळ धरून वाचली. आता माझी हजेरी घेणार म्हणून मी मान खाली घालून उभी राहिले. पण त्या प्रज्ञाकडे वळल्या.

"बाळ, तू घाण न्हाईस. कपडे वल्ले हायत, आन् ही ट्यूब चुकीची हाय."

पोर हमसून हमसून रडली. सहा महिन्यांत माझ्यासमोर एकदाही रडली नव्हती.

दुसऱ्या दिवशी एसटीनं आम्ही तिघी धाराशिवला गेलो. सोबत आत कोण येणार, असं डॉक्टरबाईंनी प्रज्ञालाच विचारलं. ती म्हणाली, आत्या. मी बाहेर बाकावर बसले. लागलं मला, खोटं कशाला बोलू. बुरशीचं इन्फेक्शन होतं आणि आमच्या ट्यूबनं ते आणखी चिघळलं होतं. जंतुनाशक बंद, साधं पाणी, सुती कपडे, तेही उन्हात कडक वाळलेले. आणि खाज थांबली तरी औषध मध्येच सोडायचं नाही. घरी आल्यावर वन्संनी नायलॉनची दोरी आणली आणि स्वतः स्टुलावर चढून अंगणात बांधली, फाटकाच्या खांबापासून खिडकीच्या गजापर्यंत. ऊन तेवढं तिथंच येतं.

मी हळूच म्हटलं, "वन्सं, आप्पा बसतात हितं."

"आप्पाला मी सांगते," त्या म्हणाल्या.

बापाला त्यांनी काय सांगितलं ते मला आजही माहीत नाही. दुसऱ्या दिवसापासून आप्पांनी खुर्ची रस्त्याकडे तोंड करून ठेवली, ती अजून तशीच आहे. प्रज्ञा दोन-अडीच महिन्यांत बरी झाली, खेळायलाही लागली. वन्संचा मात्र दर रविवारी फोन... दोरीवर काय हाय? पोरीचे हायत, मी सांगायची. "आन् तुझे?" मी लगेच विषय बदलायची. माझे अजून न्हाणीतच होते, टॉवेलखाली.

त्या गेल्यानंतर आप्पांना भेटायला माणसं येऊ लागली. परवा अंगणात सतरंजीवर सात-आठ जण बसले होते आणि दोरीवर प्रज्ञाचे कपडे होते. मी काही विचार न करता गेले आणि त्यांवर टॉवेल टाकून आले. प्रज्ञा चहा घेऊन बाहेर आली. कप दिले, ट्रे खाली ठेवला, टॉवेल ओढून काढला आणि माझ्या हातात दिला. "आई, वाळू दे," एवढंच म्हणाली. कुणी मान वर केली नाही. आप्पा रस्त्याकडे बघत होते.

मी टॉवेल घेऊन न्हाणीत गेले. खुंटीवरचे माझे कपडे काढले, दमटच होते. बाहेर आले, प्रज्ञाच्या कपड्यांशेजारी एकेक करून दोरीवर घातले आणि त्यांना चिमटे लावले. टॉवेल दुसऱ्या टोकाला वेगळा वाळत घातला.