न शिवायचं मशीन

माझ्या लग्नाच्या बैठकीत वडिलांनी सासरकडं एकच गोष्ट मागितली होती. मुलीचा हात बाजाच्या पेटीवर बसलाय, तो मोडू नका, एक पेटी तेवढी घरात घ्या. आमच्या ह्यांनी जोरात मान डोलावली. सासूबाईंनी, म्हणजे आमच्या आत्तींनी, ऐकून न ऐकल्यासारखं केलं. वर्षभर मी पेटीची वाट बघितली. मग एका संध्याकाळी हे हातगाडीवर काहीतरी चादरीत झाकून घेऊन आले आणि उंबऱ्यातूनच म्हणाले, "आणली बघ तुझी पेटी."

हे बेळगावात कॅम्पातल्या एका दुकानात कामाला होते. इंग्रज जाणार जाणार म्हणून सगळीकडं बोललं जात होतं, आणि साहेब लोक घरातलं सामान लिलावात काढून विलायतेला चालले होते. त्यातच ह्यांचा हात वर गेला आणि ही वस्तू ह्यांच्या गळ्यात पडली.

चादर काढली तर आत मास्तरांच्या मेजासारखं उंच लाकडी खोकं. वर एक पितळी सळई उभी, डाव्या अंगाला एक कडं आडवं. पट्ट्या नाहीत, भाता नाही. मी विचारलं, बोट कुठं ठेवायचं? हे म्हणाले, कुठंच न्हाय, तीच तर गंमत. विजेवर चालतं. उजवा हात सळईजवळ न्यायचा, जवळ जाईल तसा सूर चढतो. डावा हात कड्यावरून उचलला की आवाज वाढतो. ह्याला थेरेमिन म्हणतात. मला असा संताप आला म्हणून सांगू! मी म्हटलं, बरं झालं, उद्यापासून भाकरीपण तशीच करते, पिठाला न शिवता. तुम्ही जेवापण तशीच.

रेडिओ दुरुस्त करणाऱ्या माणसानं आत काहीतरी बदलून दिलं आणि खोकं चालू झालं. नेमक्या तेव्हा आत्ती पाण्याची कळशी घेऊन शेजारून गेल्या. खोक्यानं असा गळा काढला की निम्मी कळशी त्यांच्या लुगड्यावर सांडली आणि मांजर जे पळालं ते दुसऱ्या दिवशी परत आलं. हे खोकं घरातनं जायला पायजे, आत्तींनी निकाल दिला. मीही तेच म्हणत होते. सासू-सुनेचं एकमत होण्याची ती पहिलीच वेळ. खोकं विकायचं आणि बाजाची पेटी घ्यायची, असं ठरलं.

आता विकायचं तर लोकांना सांगायला हवं. आमचे हे दुकानात येईल त्याला सांगत सुटले, न शिवायचं मशीन विकायचंय. झालं! दुसऱ्याच दिवशी कॅम्पातला एक शिंपी दारात हजर. त्यानं खोक्याभोवती फेरी मारली, खाली वाकून बघितलं, सुई कुठली आणि पायडल कुठलं म्हणून विचारलं. शिवण बंद पडलेलं मशीन स्वस्तात मिळतंय असं बिचाऱ्यानं ऐकलं होतं. न शिवता म्हणजे हात न लावता, असं ह्यांनी त्याला परोपरीनं समजावलं. तो म्हणाला, हात न लावता चालणारं मशीन असतं तर मी शिंपी कशाला झालो असतो. चहा पिऊन गेला.

मग येळ्ळूरची भजनी मंडळी आली. मी सळईजवळ हात हलवून एक सूर लावून दाखवला, बुवा खूश झाले. पण त्यांनी टाळ घेतले आणि सगळे डोलत डोलत पुढं सरकले. जवळ येणारा प्रत्येक माणूस त्या खोक्याला वाजवणाराच वाटायचा, त्यामुळं ते कुणाकुणाचं ऐकून रडायला लागलं. बुवांनी टाळ खाली ठेवले आणि हात जोडले. आमच्या भजनाला देव येतो म्हणतात, हे ऐकून तो आल्या वाटंनं परत जाईल, असं म्हणून तेही गेले.

अशी गिऱ्हाइकं येत गेली आणि दाखवायचं काम माझ्याकडंच आलं, कारण ह्यांनी हात हलवला की म्हैस व्याल्यासारखं व्हायचं. दाखवता दाखवता माझा हात बसत गेला. बोटभर हललं की सूर कुठं जातो ते कळायला लागलं. तरी मन बाजाच्या पेटीतच होतं.

शेवटी निपाणीच्या एका तंबाखूच्या व्यापाऱ्याचा निरोप आला. शेठजींचं सोवळं कडक. त्यांच्या घरी चांगली बाजाची पेटी होती, पण तिच्या भात्याला चामडं, म्हणून ती देवघरात चालत नव्हती आणि नुसती माळ्यावर पडून होती. चामडं नाही, कुणाचा हात लागत नाही, असं वाद्य जगात आहे हे ऐकून ते हरखले. खोकं पसंत पडलं तर त्याच्या बदल्यात ती पेटी देणार होते. मी रात्री झोपेत पांघरुणावर बोटं फिरवत होते, असं हे सांगतात.

शेठजी यायचे त्याच दिवशी सकाळी मला कावळा शिवला.

मागच्या खोलीत घोंगडीवर जाऊन बसले आणि कपाळाला हात लावला. हे दाराबाहेर येरझाऱ्या घालत होते. तेवढ्यात आत्ती आल्या. त्यांनी खोक्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, त्याला शिवावं लागत न्हाय न्हवं? मग अडलंय कुठं? ह्यांनी खोकं ढकलत माझ्या खोलीच्या दारात आणून ठेवलं. शेठजी आणि त्यांच्या बाई सोप्यात बसले. मी आत उभी राहून एक भूपाळी वाजवली. त्या दिवशी सूर कसा लागला देव जाणे, शेठजींनी उपरण्यानं डोळे पुसले. पेटी बाहेर मोटारीतच हाय, उतरवून घ्या, म्हणाले.

तिथंच संपलं असतं. पण शेठजींच्या बाई मायाळू निघाल्या. सुनेची ओटी भरायला म्हणून नारळ आणि खण घेऊन त्या सरळ माझ्याकडं यायला लागल्या. मी भिंतीला चिकटले. काय करणार? "शिवू नका मला," मी म्हटलं. "मी बाजूला बसलीय."

बाई जागच्या जागी थांबल्या. हात लागला न्हाय हे खरं, पण सूर कुणाच्या हातातनं आला, असं शेठजींनी विचारलं. ह्याचं उत्तर काशीलाही मिळालं नसतं. पण आमचे हे गप्प बसतील तर ना. सौदा वाचवायला म्हणाले, अहो, समोर कोण हाय ते ह्याला कळतच न्हाय!

"तेच तर," शेठजी उठत म्हणाले. "ज्याला विटाळ कळत न्हाय, ते देवघरात कसं ठेवू?"

मोटार गेली. मोटारीतून बाजाची पेटीही गेली, तिचं टोकसुद्धा मला दिसलं नाही. मी घोंगडीवर बसून भडभडून रडले. हे लगेच म्हणाले, उद्या कॅम्पात जाऊन मिळेल त्या भावानं फुंकून टाकतो.

"कुठं न्हाय न्यायचं," आत्ती म्हणाल्या. "चार दिवस आम्ही बायका मिठाला शिवत न्हाय, हंड्याला शिवत न्हाय. नुसती भिंत बघत बसायचं. एक वस्तू घरात आली जी न शिवता चालती, ती बी काढून टाकायची व्हय?"

ह्यांनी खोकं दारातून आत ढकललं. मीही डोळे पुसले.

खोकं मागच्या खोलीतच राहिलं. एरवी पाणी, शेण, भाकऱ्या ह्यातून हात मोकळे व्हायचे कधी? त्या चार दिवसांत मात्र मला काही काम नसायचं, मी पोटभर वाजवायची. गल्लीतल्या बायकांना आवाजावरून माझा महिना कळायला लागला, त्याची लाज वाटायची, तरी वाजवायची. मग एका महिन्यात आवाज आला नाही. पुढच्याही आला नाही. तेव्हा ह्यांच्याआधी गल्लीला बातमी लागली आणि बायका डोहाळे विचारायला आल्या.

सगळ्यांना आनंद. मलाही होता, पण बाजूला बसणं थांबलं तसं वाजवणंही थांबलं. रोज चूल, रोज पाणी. मागच्या खोलीच्या दारावरून जाताना मी आत बघायची आणि पुढं जायची. कुणाला काही बोलले नव्हते.

पाचवा महिना लागला होता, पोट चांगलं दिसत होतं. एका सकाळी आत्तींनी माझ्या हातातलं लाटणं काढून घेतलं, घोंगडी मागच्या खोलीत टाकली आणि माझं ताट वेगळं काढलं. तेवढ्यात हे स्वयंपाकघरात आले. आत्ती आडव्या झाल्या.

"लांब हो," त्या म्हणाल्या. "शिवू नको तिला. कावळा शिवलाय."