मागच्या टायरवरचा आकडा

"समोरून पाहिलं तर स्कूटरची चाकं वाटतात," कार्तिकेयन म्हणाले आणि त्यांनी फोटो टेबलावरून माझ्याकडे सरकवला. "मॅडम, ही स्पोर्ट्स कार आहे. लोक आधी समोरूनच बघणार."

फोटो त्यांच्याच गाडीचा होता. दोन सीटची, लाल, जमिनीला चिकटलेली. चेन्नईबाहेरच्या एका शेडमध्ये त्यांची छोटीशी कंपनी ही गाडी बनवत होती. मी टायर कंपनीत इंजिनिअर. नव्या गाडीला पुढे आणि मागे किती रुंदीचे टायर लावायचे, हे ठरवणं माझं काम. सांगलीहून इथे येऊन मला सोळा वर्षं झाली, त्यातली बारा याच कामात गेली.

मी सुचवलेले टायर होते पुढे २०५ आणि मागे २४५. हे आकडे म्हणजे टायरची मिलिमीटरमधली रुंदी. तुमच्या घरच्या गाडीची चारही चाकं सारखीच असतात. पण या गाडीचं इंजिन सीटच्या मागे होतं, म्हणजे बरंचसं वजन मागच्या चाकांवर. म्हणून मागचे टायर रुंद.

कार्तिकेयनना पुढे २३५ हवे होते. दोन आठवड्यांवर ऑटो शो होता.

मी त्यांना समजावलं. वळणावर गाडीची पकड दोन तऱ्हांनी सुटते. पुढची चाकं आधी घसरली तर स्टिअरिंग वळवूनही नाक सरळच जातं. याला अंडरस्टिअर म्हणतात. ड्रायव्हर घाबरतो, अॅक्सिलरेटर सोडतो, वेग उतरतो आणि गाडी पुन्हा वळायला लागते. मागची चाकं आधी घसरली तर शेपूट बाहेर येते. ते ओव्हरस्टिअर. तिथेही ड्रायव्हर घाबरून अॅक्सिलरेटर सोडतो, पण त्याने वजन पुढे जातं, मागचं आणखी हलकं होतं आणि गाडी गर्रकन फिरते. म्हणून विकायच्या गाडीत आम्ही पुढची चाकं मुद्दाम थोडी कमी पकडीची ठेवतो. पुढे रुंद टायर घातले की हा हिशेब उलटायला लागतो.

"मधलं काहीतरी काढा ना," कार्तिकेयन म्हणाले.

माझे बॉस रघुरामन शेजारीच होते. ते माझ्याकडे पाहून म्हणाले, "मधुरा, २२५ चालवून बघ कॉम्प्युटरवर."

मी बघितलं. पुढे २२५ आणि मागे २४५ धरून सिम्युलेशन केलं. कोरड्या रस्त्यावर गाडी ठीक होती. ओल्यावर काठावर पास होत होती. पास म्हणजे पास, असं मी स्वतःला सांगितलं आणि टायरच्या मापांच्या शीटवर सही केली. ही माझी पहिली चूक. ती कुणी माझ्याकडून करवून घेतली नाही. मला तीन मीटिंगा झाल्यावर वादाचा कंटाळा आला होता, एवढंच.

टेस्टला सकाळी आठलाच ट्रॅकवर ऊन चढलं होतं. गाडी कार्तिकेयनच्या शेडमधून ट्रेलरवर आली, सोबत त्यांचा मेकॅनिक सेल्वम. टँकरने एका डाव्या वळणावर पाणी मारलं. मी गुडघ्यावर बसून चारही टायरची हवा तपासली.

गाडी चालवणार होते सदाशिव राव, आमचे सगळ्यांत जुने टेस्ट ड्रायव्हर. तंजावरच्या मराठी घरातले. पिढ्यान् पिढ्या इकडे राहिल्यामुळे त्यांच्या मराठीत तमिळ हेल आणि आपल्याकडे पोथीतच उरलेले शब्द. मी नवी होते तेव्हा ऑफिसात माझ्याशी मराठी बोलणारं ते एकच माणूस होतं. पन्नाशी उलटलेली, चालणं संथ, बोलणं त्याहून संथ. स्टिअरिंग हातात आलं की वेगळेच.

हेल्मेट घालता घालता ते म्हणाले, "ताई, आज मागलं अंग हलकं वाटेल काय?"

"थोडं," मी म्हटलं. "पुढे २२५ केलेत ना."

"सेरी," म्हणजे ठीक आहे, असं तमिळमध्ये म्हणून ते गाडीत बसले.

पहिल्या दोन फेऱ्या साठच्या वेगाने, व्यवस्थित. तिसरी सत्तरने. टेस्टचा नियम असा, की वळणाच्या मध्यावर अॅक्सिलरेटर एकदम सोडायचा, घाबरलेला माणूस सोडेल तसा. गाडीचं नाक झोकात आत वळलं. "बघा, बघा!" कार्तिकेयन माझ्या शेजारी म्हणाले. आणि सदाशिवरावांनी अॅक्सिलरेटर सोडला.

शेपूट नुसती बाहेर आली नाही, ती निघूनच गेली. त्यांनी उलटं स्टिअरिंग मारलेलं मला दिसलं. काही उपयोग झाला नाही. घसरणारी गाडी सावरणारा कॉम्प्युटर त्या प्रोटोटाइपमध्ये अजून बसवलेलाच नव्हता. गाडी एकदा पूर्ण फिरली, मग अर्धी, आणि ड्रायव्हरच्या बाजूने कडेच्या टायरांच्या भिंतीवर आदळली. आवाज फारसा झालाच नाही. पोतं टाकल्यासारखा.

सगळे पळाले. मला पळता आलं नाही. हातातला हवा मोजायचा गेज मी घट्ट धरून उभी होते आणि माझ्या डोक्यात एकच गोष्ट चालली होती, की सिम्युलेशनमध्ये हे नव्हतं. काठावर का होईना, तिथे गाडी पास झाली होती.

सदाशिवराव शुद्धीत होते. खांद्याचं हाड मोडलं होतं हे दुरूनही कळत होतं, हात विचित्र लोंबत होता. स्ट्रेचरवरून त्यांनी मला पाहिलं. "भिऊं नका ताई, मी आहें," ते म्हणाले. अँब्युलन्स गेली.

अर्ध्या तासाने गाडी ओढून ट्रॅकच्या कडेच्या शेडखाली आणली. रघुरामन सरांनी गाडीभोवती एक चक्कर मारली. मग म्हणाले, "कुठे चुकलं?"

"माहीत नाही, सर."

"मग बघ."

मी मागच्या चाकापाशी बसले. टायरच्या बाजूवर चिखल आणि पाणी होतं. ते ओढणीने पुसलं. टायरची रुंदी त्याच्या बाजूवरच छापलेली असते, मोठ्या अक्षरांत. मी वाचली. पुन्हा वाचली. मग उठून दुसऱ्या बाजूचं चाक वाचून आले.

२३५.

माझ्या शीटवर २४५ होतं. ज्यावर मी सही केली तो सगळा हिशेब २४५चा होता.

"सेल्वम," मी हाक मारली. "हे टायर कधी बदलले?"

सेल्वम गोंधळला. त्याने लपवलं काहीच नाही. "परवा, मॅडम. २४५ आत मडगार्डच्या अस्तराला घासत होता. कार्तिकेयन सर म्हणाले एक साइज कमी घाल. दहाच मिलिमीटर."

कार्तिकेयनचा चेहरा पांढरा पडला होता. "दहाच मिलिमीटर," तेही म्हणाले. "बोटाएवढं. मला वाटलं, सांगण्यासारखं काय आहे त्यात?"

मी त्यांच्यावर ओरडणार होते. तोंड उघडलंही. मग आठवलं, की सकाळी याच चाकापुढे मी गुडघ्यावर बसले होते. हवा तपासायचा व्हॉल्व्ह आणि तो आकडा यांच्यात वीतभरही अंतर नाही. बारा वर्षं हेच काम करणारी मी, पुढ्यातला आकडा वाचला नव्हता. शीटवर २४५ आहे म्हणजे चाकावर २४५ असणारच, हे मी गृहीत धरलं होतं.

नुसत्या दहा मिलिमीटरने गाडी अशी फिरत नाही, हेही इथे सांगायला हवं. पुढे २०५ असते तर सदाशिवरावांनी ती सावरली असती. मी २२५ला होकार देऊन गाडी कड्याच्या टोकावर नेऊन ठेवली होती. कार्तिकेयनच्या दहाने तिला फक्त धक्का दिला.

संध्याकाळी अण्णा नगरच्या हॉस्पिटलमध्ये गेले. खांद्याचं हाड आणि दोन बरगड्या मोडल्या होत्या. सदाशिवराव उशीला टेकून बसले होते. त्यांच्या पत्नीने मला खुर्ची दिली आणि त्या बाहेर गेल्या. कॉफी आणायला गेल्या, की माझ्यासमोर बसवेना म्हणून, ते मी आजवर विचारलं नाही.

मी वाटेत ठरवलेलं सगळं एका दमात सांगून टाकलं. मागचे टायर बदललेले होते. मी वाचले नाहीत. चूक माझी.

ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "मी वाचलें होतें."

"काय?"

"गाडीत बसण्यापूर्वी. मी सगळी चाकं वाचतों, जुनी सवय. मागे २३५ होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"काय म्हणून बोलू?" त्यांना खरंच नवल वाटलं होतं. "कागदावर २४५ होतं, पण सही तुमची, आणि सकाळी चाकांपाशीही तुम्हीच बसला होतात. मला वाटलं, ताईंनीच शेवटी २३५ केलं असेल. तुम्ही हिशेबाशिवाय काही करत नाही."

ट्रॅकवर मी रडले नव्हते. तिथे मात्र डोळे भरून आले. कार्तिकेयननी माझा आकडा बदलला, कारण तो त्यांना क्षुल्लक वाटला. आणि या माणसाने बदललेला आकडा पाहिला आणि तरी गाडीत बसला, कारण तो त्याला माझा वाटला. पहिल्याचा राग करता येत होता. दुसऱ्याचं काय करायचं ते मला कळत नव्हतं.

"ताई," ते म्हणाले, "मीही विचारायला पाहिजे होतं. कागदाला विचारता येत नाही, माणसाला येतं. तुम्ही दहा पावलांवर उभ्या होतात."

दुसऱ्या दिवशी रघुरामन सरांनी रिपोर्ट मागितला. "कुणाकुणाची नावं घालू?" मी विचारलं.

"तुझं पहिलं," ते म्हणाले. "२२५ काढायला मी सांगितलं, तेही लिही."

मी लिहिलं. चार महिने मला सहीचा अधिकार नव्हता. माझ्या शीटवर माझ्यापेक्षा आठ वर्षांनी लहान इंजिनिअर सही करायची आणि प्रत्येक आकड्यावर बोट ठेवून प्रश्न विचारायची. फार लाज वाटायची. बरंही वाटायचं.

कार्तिकेयनचा ऑटो शो हुकला. त्यांनी अस्तर कापून नवं बसवलं, मागे २४५ आले, पुढे परत २०५. समोरून गाडी अजूनही थोडी किरकोळच दिसते. ओल्या वळणावर मात्र अॅक्सिलरेटर सोडला तर नाक जरा रुसतं आणि मग मुकाट्याने आत येतं. ती टेस्ट सदाशिवरावांनीच घेतली, सहा महिन्यांनी.

आता आमच्याकडे टेस्टआधी ड्रायव्हर चारही टायरवरचे आकडे मोठ्याने वाचतो आणि इंजिनिअर शीटवर टिक करतो. मिनिटभराचं काम आहे. नवीन पोरं हसतात. टायरची रुंदी कळायला टेप लागत नाही, कंपनी ती टायरवरच छापून देते. पण छापलेलं वाचावं लागतं, आणि वाचलेलं बोलून दाखवावं लागतं. यातलं एकही काम सही करत नाही.