शेजाऱ्याचं ड्रिल

आमच्या ह्यांना गाडी चालवण्यापेक्षा ती उघडून बसायची हौस जास्त. एका खाणीच्या ऑफिसनं मोडीत काढलेली मोटार त्यांनी विकत घेतली आणि मुळगावच्या आमच्या अंगणात आणून उभी केली. तेव्हापासून दर रविवारी तुळशीला पाणी घालायला मी जायची ती त्यांचे पाय ओलांडून. सगळं घरच्या घरी करतात म्हणून लोक कौतुक करत. मीही करायची, त्या दिवसापर्यंत.

घटक राज्य व्हायच्या थोडं आधीची गोष्ट. मराठी की कोंकणी यावरून गोवा पेटला होता. त्या दिवशी बंद होता, हमरस्त्यावर झाडं आडवी टाकलेली, बस एकही नाही. आणि आदल्या संध्याकाळी पेडण्याहून माझ्या भावाचा निरोप आला होता: आई आता थोड्या वेळाची आहे, तुझं नाव घेते, लगेच ये. गाडीच्या पंपातून पाणी गळत होतं. हे म्हणाले, सकाळी पंप बदलतो, लाटंबार्शाकडून आतल्या रस्त्यानं दुपारच्या आत पोचू. मी पहाटेच लुगडं बदलून पिशवी भरून बसले.

पंपाचे बाकीचे बोल्ट सुटले. शेवटचा गंजून घट्ट बसला होता. शेजारी मदतीला आला, तो खाणीच्या वर्कशॉपात फिटर. त्यानं आधी रॉकेल घातलं, मग घरची फेणी आणली. ती गंजात चांगली शिरते म्हणे. थोडी बोल्टात शिरली, बाकीची ह्या दोघांत. मग व्हायचं तेच झालं, भाषेचा विषय निघाला. आमचे हे मराठीवाले, तो कोंकणीवाला. राजभाषा मराठीच हवी हे आमचे हे तावातावानं सांगत होते, तेही कोंकणीतच.

"जोर करूं नाकात. मात्शें रावात, फेणी मुरूं दी," शेजारी म्हणाला.

"तुमी आमकां शिकयनाकात!" म्हणत ह्यांनी पान्याला पाईप लावला आणि सगळा राग त्या पाईपावर टाकला. टक्क आवाज झाला. बोल्टाचं डोकं तुटून अंगणात पडलं, दांडा आतच राहिला.

"सांगिल्लें न्हय?" एवढं बोलायची शेजाऱ्याला काय गरज होती? ह्यांनी त्याच्या बापजाद्यांपर्यंत मजल नेली. त्यानं हात पुसले, हत्यारांची पिशवी उचलली आणि चालता झाला. वाड्यावरचं एकुलतं एक ड्रिल त्या पिशवीत होतं.

मग छिन्नी आणि हातोडा. मी विचारलं की उत्तर ठरलेलं, "अर्द्या वरांत सुटता." तो अर्धा तास दुपारपर्यंत संपला नाही. शेवटी म्हटलं, अहो, माझी आई जाते आहे, ड्रिल मागून आणा.

"हांव ताच्या दारांत वचचो ना."

म्हणून मी गेले. शेजारी जनेलात उभा होता, मला बघून खिडकीतून बाजूला झाला नाही, तेवढीच माणुसकी.

"वैनी, तुमचेर राग ना. ताका येवंदी. ताणें मागल्यार दितां."

मी आईचं सांगितलं. त्यानं मान खाली घातली, पण पिशवीला हात लावला नाही. दोन दारांच्या मध्ये एक माड, तो ओलांडायची दोघांचीही तयारी नव्हती. मला तेव्हा दोघांनाही त्या छिन्नीनं झोडपावंसं वाटलं. आजही वाटतं.

दिवस कलताना माहेरचा माणूस आडवाटेनं स्कूटर घेऊन आला. त्याला बोलावं लागलं नाही. माझा हंबरडा वाड्यावर ऐकू गेला, आणि तो थांबायच्या आत शेजारी पिशवी घेऊन दारात हजर. मयत झालं की आमच्याकडे भांडण बाजूला ठेवतात, न बोलावता येतात. ही रीत कुणी मोडत नाही. जिवंत माणसासाठी मात्र अशी रीत नाही.

ह्यांनी मुकाट्यानं कंदील धरला. शेजाऱ्यानं दांड्याच्या मधोमध भोक पाडलं, त्यात चौकोनी कानस ठोकली आणि पाना लावून उलटी फिरवली. पिकल्या फणसातून आठळी यावी तसा बोल्ट बाहेर आला. भाताला उकळी यायलाही याहून जास्त वेळ लागतो.

नवा पंप बसला, आणि गाडीत ते दोघे पुढे, मी मागे. मग हे हळूच म्हणाले, "तुमी आटे सांबाळ्ळे म्हणून इंजिनाचो ब्लॉक वांचलो." शेजारी खूष झाला. कुठलं ड्रिल, कितव्या नंबरचं, दोघांचं छान जमलं. माझ्या आईच्या मरणावर त्यांची दिलजमाई झाली.

भावजयीनं मला दारातच मिठी मारली. "सकाळसून रस्त्यार कसलोय आवाज जालो की विचारताली, आयली गो ती?"

मी मागे वळून पाहिलं. अंगणात ते दोघे बॉनेट उघडून, कंदील धरून, पाणी गळतं का ते बघत होते. एक थेंबही गळत नव्हता.