उजव्या गालावरची पाकळी

धारच्या मराठी मंडळींत कुणाचं काही अडलं की लोक जमुनाबाई काकडेंकडे जात. मुलीला इंदूरचं स्थळ आलंय, होकार द्यावा का. पिथमपूरची नोकरी सोडून दुकान टाकावं का. सासऱ्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन या महिन्यात की दिवाळीनंतर. जमुनाबाई सगळं ऐकून घेत, हातपाय धूत आणि देवीच्या पितळी मुखवट्यापुढे पाट मांडत. मुखवटा त्यांना सासूकडून आलेला, सासूला तिच्या सासूकडून. कौल लावायचा मानही तसाच आला.

रीत सोपी. जास्वंदीच्या दोन पाकळ्या पाण्यात बुडवायच्या. एक देवीच्या उजव्या गालाला चिकटवायची, एक डाव्या. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. मग सगळ्यांनी गप्प बसायचं. कधी दहा मिनिटं, कधी पाऊण तास.

पाणी सुकलं की पाकळी सुटते आणि कमी पाणी असलं की लवकर सुटते, हे जमुनाबाईंना लग्नानंतर चौथ्या वर्षीच कळलं होतं. त्या वर्षी पहिल्यांदा त्यांनी पाकळी लावण्याआधी हळूच पदराला पुसली. पाकळी त्यांना हवी तशी पडली, देवीचा मुखवटा होता तसाच हसरा राहिला, आणि रात्रीचं जेवणही नीट गेलं. मग भीड चेपली.

त्यांनी स्वतःची समजूतही घातली होती, आणि ती काही कच्ची नव्हती. देवीला सगळं आधीच ठाऊक असतं. जमुना कुठली पाकळी पुसणार, हेही. तिला नको असतं तर तिने माझा हात धरला असता. धरला नाही, म्हणजे पुसणाराही हात तिचाच. यात जमुनेचं पाप कुठून आलं?

गल्लीतल्या दत्ताजींची मुलगी राजनंदिनी सासरहून पळून आली तेव्हा हीच समजूत कामी आली. पोरगी पाटापुढे बसून म्हणत होती, "काकी, तुम्ही फक्त नको म्हणा, बाबा ऐकतील." जमुनाबाईंचं मत होतं की बाईने नांदावं. पाकळीनेही तेच सांगितलं. तिसऱ्या महिन्यात राजनंदिनी हाताला प्लास्टर बांधून परत आली, आणि तिची आई दारात येऊन रडली.

"तिचं प्रारब्ध देवीने पाहिलं होतं," जमुनाबाई म्हणाल्या. "मी नुसती पाकळी लावली. चहा घेतेस?"

अशा या जमुनाबाईंना तीन मुलं. थोरली अक्षदा, चव्वेचाळीस वर्षांची, देवासला दिलेली. तिचा नवरा फॅक्टरीत, ती शाळेत शिकवते, मूलबाळ नाही. मधला अजेय, धारला आईजवळ. त्याची बायको वैभवी, दोन मुलं. आणि धाकटा विपुल, चौतीस वर्षांचा. गेल्या वर्षी त्याचे पाय सुजायला लागले, आणि दिवाळीपर्यंत त्याच्या दोन्ही किडन्या गेल्या. आठवड्यातून तीनदा इंदूरला डायलिसिस. आईची किडनी डॉक्टरांनी नाकारली, तिला साखर होती. भाऊ-बहिणीच्या तपासण्या झाल्या. दोघांचंही जुळलं.

जुळलं ते वाईट झालं. एकाचंच जुळलं असतं तर प्रश्नच नव्हता. आता दोघंही "मी देतो ना, मी देते ना" म्हणत आणि दोघंही दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत.

शेवटी अजेयच म्हणाला, "माई, कौल लाव. देवी सांगेल त्याने द्यायची. बात खतम."

"अक्का, तुला चालेल?" विपुलने विचारलं. तो खुर्चीत बसला होता. त्याच्या हातावर सुयांच्या काळ्या गाठी आल्या होत्या.

"चालेल," अक्षदा म्हणाली.

उजवा गाल अक्षदाचा, डावा अजेयचा. ज्याची पाकळी आधी पडेल त्याने द्यायची. अकरा मिनिटांत उजवी पडली. वैभवीने सोडलेला श्वास सगळ्यांना ऐकू आला.

"झालं तर मग," अजेय म्हणाला. "अक्का, काळजी करू नको, मी आहे ना. धावपळ सगळी मी करीन."

अक्षदा आईच्या पदराकडे बघत होती. पदरावर एक लहानसा ओला डाग होता.

पुढच्या तपासण्या झाल्या, कागद झाले. अवयवदानाला परवानगी देणाऱ्या हॉस्पिटलच्या समितीपुढे जायच्या आदल्या दिवशी जमुनाबाई देवासला लेकीकडे आल्या. जावई ड्यूटीवर होते. अक्षदाने पोहे केले, ताटली आईपुढे ठेवली आणि समोर बसली.

"माई, तू माझी पाकळी पुसलीस."

"काय बोलतेस?"

"पदराला पुसलीस. माझ्या लग्नाच्या वेळीही पुसली होतीस. उज्जैनचं स्थळ मला आवडलं होतं. तू कौल लावलास आणि देवासचं आलं. मी तेव्हा बावीस वर्षांची होते आणि मला वाटलं, आपले डोळे खोटे, देवी खरी."

"मग देवासचा काय वाईट निघाला? दारू पीत नाही, हात उचलत नाही."

"तो चांगला आहे. मी त्याच्याबद्दल बोलतच नाहीये."

जमुनाबाईंनी पोह्यातला दाणा शोधून खाल्ला. "देवीला ठाऊक नव्हतं का मी पुसणार ते? तिनेच—"

"देवीला बाजूला ठेव. इथे तू आणि मी आहोत. मी किडनी देणार आहे, माई. उद्या सही करणार आहे. मला फक्त तुझ्या तोंडून ऐकायचंय. पुसलीस की नाही?"

लेक देणार म्हणते आहे, एवढंच जमुनाबाईंच्या कानांनी धरलं. आता खरं सांगायला काय हरकत आहे, असं त्यांना वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी देवीचा आडोसा घेतला नाही, आणि ती वेळ नेमकी चुकली.

"हो, पुसली," त्या म्हणाल्या. "अजेयला राजवर्धन आहे, चिऊ आहे. उद्या त्याला काही झालं तर ती पोरं कुणाच्या तोंडाकडे बघणार? तुझ्यामागे कोण आहे? तुला काय झालं तर दोन दिवस शाळा बंद राहील. बस." मग आपण जरा जास्त बोललो असं वाटून त्यांनी भर घातली, "तू समजूतदार आहेस म्हणून सांगितलं."

"हं," अक्षदा म्हणाली. "लिंबू देऊ?"

दुसऱ्या दिवशी इंदूरला समितीच्या खोलीत अक्षदा एकटी गेली. तसा नियमच आहे, घरच्यांना आत येऊ देत नाहीत. जमुनाबाई, अजेय आणि विपुल बाहेरच्या बाकावर बसले. वीस मिनिटांनी अक्षदा बाहेर आली. तिने पर्स खांद्याला लावली.

"मी नाही म्हणून आले."

अजेय उठला. "मजाक करते काय अक्का?"

"त्यांनी विचारलं, आप अपनी मर्ज़ी से दे रही हैं? मी म्हटलं, साहेब, चव्वेचाळीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी विचारतंय, मला जरा विचार करू द्या. त्यांनी पाणी दिलं. मी विचार केला. माझी मर्जी नाहीये."

"अगं, पण तू काल म्हणालीस—" जमुनाबाई म्हणाल्या.

"काल देणारच होते. तू विचारलं असतंस तर हसत दिली असती. डॉक्टर चांगले आहेत. म्हणाले, घरी सांगू की तुमचं बीपी वाढलं, तुमच्यावर काही येणार नाही. मी म्हटलं, नको. खरं तेच सांगते."

"हे पाप आहे, अक्षदा. सख्खा भाऊ आहे तुझा."

"असेल पाप. पण देवीला ठाऊकच होतं ना, मी आज नाही म्हणणार ते? तिने माझी जीभ धरली नाही." मग ती विपुलसमोर उभी राहिली, जरा वाकली. "विपू, तुझ्यावर राग नाहीये."

"माहीत आहे," विपुल म्हणाला. "पण मरणार मीच आहे ना, अक्का."

तिने त्याच्या हातावरच्या गाठींवरून बोटं फिरवली. मग गेली.

आता अजेय उरला. चार दिवस जमुनाबाईंनी वाट पाहिली की तो आपणहून बोलेल. तो बोलला नाही. दुकानातून उशिरा येई, जेवे, चिऊला मांडीवर घेऊन मोबाईल बघे. पाचव्या दिवशी त्यांनीच त्याला देवासमोर बसवलं.

"अजू, आता तू दे."

"माई, माझी कुठे ना आहे? पण कौल अक्काचा पडला होता. देवीने मला नको म्हटलंय. तिच्या विरोधात जाऊन दिली आणि विपूला मानवलीच नाही तर? आपण कुणाला तोंड दाखवायचं?"

यावर बोलायचं एकच होतं. ते बोलल्यावर आयुष्यभर लावलेले सगळे कौल, दत्ताजींच्या पोरीचा हात, सासूने दिलेला मान, सगळंच जाणार होतं. जमुनाबाईंनी मुखवट्याकडे पाहिलं आणि बोलून टाकलं.

"कौल खोटा होता. मी पाकळी पुसली. तुला वाचवायला पुसली."

अजेयने ऐकलं. त्याच्या चेहऱ्यावर धक्का आला नाही. सरकारी कागदात आपल्या फायद्याची ओळ सापडल्यासारखा तो सावकाश सावरून बसला.

"माई, तूच आम्हाला लहानपणापासून काय सांगितलं? हात माझा, हलवणारी देवी. मग पुसली तीही तिनेच. कौल खराच आहे."

"अरे, मी सांगते ना, मी पुसली. ही, मी, जमुना. माझ्या मनाने."

"तुला वाटतं तसं." त्याने आईच्या गुडघ्यावर हात ठेवला, प्रेमाने. "तू नको मनाला लावून घेऊ. तुझं काहीच पाप नाही यात."

आतून वैभवीने हाक मारली, "अहो, पोळ्या गार होतायत." तो उठला.

जमुनाबाईंनी मग कुणाकुणाला सांगितलं नाही? दिराला सांगितलं, दत्ताजींना सांगितलं, देवळात भेटणाऱ्या बायकांना सांगितलं की मी कौल खोटे लावत होते. बायका एकमेकींकडे बघत. पोराच्या दुखण्याने काकींच्या डोक्यावर परिणाम झाला, असं ठरलं. एकटी राजनंदिनी म्हणाली, "मला तेव्हाच कळलं होतं, काकी." आणि भाजी निवडत बसली. त्याच आठवड्यात तात्यासाहेबांची सून नारळ घेऊन दारात आली. मुलाला कोचिंगसाठी कोट्याला पाठवायचं होतं.

"मी कौल लावत नाही आता."

"असं नका करू काकी. तुमचा हात खरा आहे."

डायलिसिसला विपुलबरोबर आता जमुनाबाईच जातात. बसने इंदूर, चार तास मशीन, बसने परत. एका मंगळवारी मशीन चालू असताना विपुलने डोळे मिटूनच विचारलं,

"माई, अक्काने सांगितलं मला, तू तिला 'तुझ्यामागे कोण आहे' असं बोललीस ते. बोलताना तुला माहीत होतं, ती नाही म्हणेल?"

"नाही रे. माहीत असतं तर जीभ कापून ठेवली असती."

"देवीला माहीत होतं?"

जमुनाबाई नळीतून जाणाऱ्या रक्ताकडे बघत राहिल्या. "असणार."

"मग ती तुझ्यापेक्षा वाईट झाली, माई. तू तरी बिचारी न कळता बोललीस."

"असं बोलू नये."

"का? मी हे बोलणार, तिला माहीतच होतं की." तो थोडं हसला, मग त्याच्या पायात गोळा आला आणि हसणं मध्येच थांबलं. "अजूभियाला सांग, मी त्याच्यावर नाराज नाही. पण भेटायला येऊ नको म्हणावं. आला की मला त्याच्याकडे मागावंसं वाटतं, आणि मग माझीच लाज वाटते."

"मी पुन्हा बोलते त्याच्याशी."

"काय बोलणार?"

काहीही बोललं तरी त्यावरचं उत्तर त्यांनी स्वतःच अजेयला लहानपणी शिकवून ठेवलं होतं. त्या खाली वाकल्या, विपुलची पोटरी दोन्ही हातांत धरली आणि दाबायला लागल्या.

"जरा जोराने," विपुल म्हणाला. "तिथे नाही. वर."