कोठीतली परकी डाळ

पुष्पाचा हात पहिल्यापासून मारका होता. महागावच्या अलीकडच्या बंजारा तांड्यात कुणालाही विचारा, तो आधी घुशीची गोष्ट सांगेल. आषाढ होता, पुष्पाला दिवस भरत आलेले, आणि कोठीच्या खोलीत घूस शिरली. सासू मानीबाई ओरडत बाहेर पळाली. पुष्पानं दार आतून लावून घेतलं. बाहेरच्यांना फक्त मुसळाचे दणके ऐकू आले, आणि मध्येच एक किंचाळी; ती घुशीची की पुष्पाची, ते कळेना. मग दार उघडलं. पायांवर रक्ताचे शिंतोडे आणि हातात शेपटीला धरलेली घूस. "पोत्याले भोक पाडून राह्यली होती," एवढंच ती म्हणाली, घूस उकिरड्यावर भिरकावली आणि हात धुऊन भाकरी टाकायला बसली.

कुणी म्हणेल, बाई खुनशी. तसं नव्हतं. पोरीवर, राखीवर, तिनं कधी बोट उगारलं नाही. तिच्या रागाला एकच जागा होती, ती म्हणजे कोठी. मातीची, कमरेच्या वर येणारी, वरून तोंड असलेली ही कोठी म्हणजे त्या घराचा सगळा भरवसा. तिच्या बाजूला ज्वारीची पोती, डब्यात वाळवलेली आंबाडी, गाडग्यात बरबटी म्हणजे चवळी, फडक्यात बांधलेल्या मुंगवड्या. दुकानातून घरात यायचं ते मीठ, तेल आणि साखर-गुळाची पुडी. बाकी वर्षाचं खाणं याच खोलीतून निघायचं, आणि ते कसं निघेल हे पुष्पा ठरवायची. किडणारं आधी संपवायचं, टिकणारं मागे ठेवायचं. सणाला वड्या, एरवी आंबाडीच्या पाण्यात कण्या. तेल कढईत पडलं की नाही हे कढईलाही कळू नये इतकं. कोणी "आज कोरड्यास पातळ हाय" म्हणालं, की ती म्हणायची, "मंग कमी ओरप." पुढे बोलायची कुणाची छाती नव्हती.

आणि सगळ्यात मागे राखून ठेवायची ती तुरीची डाळ. पौषात तुरी कापल्या, की भिजवून, वाळवून, जात्यावर भरडून ती स्वतः कोठी भरायची. होळीनंतर शेतातलं काम आटतं, भाजी मिळत नाही, विहिरी तळाला जातात. त्या दिवसांत ही डाळच घर ओढायची. यंदा तर मांडीवर तान्हा पोरगा. पोराचं पोट तिच्या दुधावर आणि तिचं दूध त्या वाटीभर वरणावर. म्हणून ही डाळ पावसापर्यंत पुरली पाहिजे, एवढा एकच ध्यास तिनं घेतला होता.

घरातला कर्ता माणूस खाटेवर होता. नवरा भारत दिवाळीनंतर जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी चढवताना पडला. डॉक्टर म्हणाले, महिन्याभरात उठेल. महिने गेले, भारत उठला नाही. "कंबर धरते वो," म्हणत कण्हायचा. पाण्याचा तांब्यादेखील हातात द्यावा लागायचा. पुष्पा शेतात मजुरीला जायची, मानीबाई नातवाला घेऊन बकऱ्यांमागे, राखी शाळेत. धाकटा दीर लखन दुसऱ्याची काळीपिवळी जीप चालवायचा, महागाव ते फाटा, फाटा ते महागाव. अजून लग्न नाही, जेवण भावजयीच्या चुलीवर. मोठ्या गळ्याचा, चेष्टेखोर, कधीमधी दारूचा वास मारणारा.

माघ संपता संपता पुष्पानं डाळ काढायला कोठीत हात घातला आणि हात तिथंच थांबला. मूठ बाहेर काढून तिनं उजेडात धरली. घरच्या डाळीला सालीचे ठिपके असतात, कडा बोटाला टोचतात. ही डाळ गुळगुळीत होती, तेलपाणी केलेली, पिवळीजर्द. दुकानची. तिनं खांद्यापर्यंत हात खुपसला. वर घरची, मध्ये दुकानची, तळाला पुन्हा घरची.

दुसऱ्या कुणाला हे कळलंही नसतं. पुष्पाला नुसतं कळलं नाही, तिनं लगेच त्याचा अर्थही लावला. महागावात गावरान डाळीला बाबू लोक वाटेल ती किंमत देतात. कोणीतरी आपली डाळ नेऊन विकतं आणि कोठीची पातळी दिसायला सारखी राहावी म्हणून हलकी डाळ आणून भरतं. रोज महागावला कोण जातं? लखन. संध्याकाळी खिशात पैसे कुणाच्या वाजतात? लखनच्या. अंगाला वास कुणाच्या येतो?

ती पाळत ठेवून राहिली. एक दिवस शेतातून भर दुपारी परत आली आणि लखन कोठीच्या खोलीतून बाहेर पडताना सापडला. बाह्या खांद्यापर्यंत डाळीच्या पिठानं पिवळट झालेल्या.

"काय करून राह्यला रे अंदर?"

लखन दचकला. "काई नाई भाभी. उंदीर होता."

मुसळ भिंतीलाच टेकलेलं होतं. पुष्पानं ते उचललं आणि मारलं. लखन वाकला म्हणून वाचला. मुसळ चौकटीवर बसलं आणि लाकडाची ढलपी उडाली. तिनं पुन्हा उगारलं. तो अंगणात पळाला, ती मागे. मानीबाई बकऱ्या सोडून मध्ये पडली. खाटेवरून भारत ओरडत होता, "अरे मारून टाकन ते त्याले! धरा!" लखन बाभळीआड उभा राहून धापा टाकत हसला. त्या हसण्यानं पुष्पाचं डोकं पार फिरलं.

"तुह्या घरात चोर हाय, याडी," ती सासूला म्हणाली.

"घरातला हाय ना," मानीबाई म्हणाली, "मंग वरडू नको. तांडा हसते."

पुष्पा तांड्याच्या मुखियाकडे, नायकाकडे गेली. धावजी नायक म्हातारा, तंबाखू चोळत सगळं ऐकून घेणारा. ऐकून घेतलं आणि म्हणाला, "दिरा-भावजयीचा मामला पंचायतीत कायले आणतं? होळी आली. तुह्या पोराची धुंड हाय. काढजो सारा राग फोकेनं."

तो गमतीत बोलला. पुष्पानं ते मनात ठेवलं.

वर्षात ज्या घरी पोरगा झाला, त्या घरी होळीच्या दुसऱ्या दिवशी धुंड होते. अंगणात खुंटा रोवतात, त्याला पुऱ्यांची, घुगरीची मडकी बांधतात. भोवती बाया फोका घेऊन उभ्या राहतात. तांड्यातल्या गड्यांनी मार खात आत घुसायचं, खुंटा उपटायचा, खाणं पळवायचं. खुंटा निघाला की मार थांबला. त्या दिवशीच्या वळांचा राग कुणी धरत नाही. फोका मात्र निर्गुडीच्या, ओल्या, लवचीक. आवाज जास्त, लागायला कमी.

तांड्याला पुऱ्या घालायच्या होत्या, तरी पुष्पानं दुकानाचं तोंडही पाहिलं नाही. रेशनचा गहू दळला, पीठ गुळाच्या पाण्यात भिजवलं, बरबटीची घुगरी केली, पुऱ्या लहान लाटल्या. आधल्या रात्री सगळे होळीपाशी नाचत असताना तिनं गाडीची उभारी काढून आणली. बैलगाडीच्या कडेला उभी ठोकतात ती, मनगटाएवढी जाड. तिला वरून निर्गुडीची पानं गुंडाळली.

हलगी वाजायला लागली. गडी आले, रंगानं तोंडं माखलेली, अंगात दारू. बायांनी गाणं म्हणत फोका चालवल्या. पाठींवर सटासट आवाज, शिव्या, हसणं. एकाचा कान फाटला, तो तसाच हसत पुन्हा आत घुसला. पुष्पा कुणाला मारत नव्हती. ती वाट पाहत होती. लखन डोक्यावर हात धरून बायांच्या कड्यातून आत आला, पुतण्याची धुंड म्हणून सगळ्यांत जास्त उड्या मारत, आणि त्यानं खुंट्याला मिठी घातली.

पहिला घाव पाठीवर बसला. लखननं मान वळवून पाहिलं. हा आवाज फोकेचा नव्हता. दुसरा खांद्यावर. तिसऱ्याला पानं गळून पडली आणि उभारी उघडी झाली. "भाभी!" तो ओरडला, पण त्यानं खुंटा सोडला नाही, हिसका देऊन उपटला. हलगी थांबली. खुंटा निघाला, मार संपला. पुष्पाचा संपला नाही. "माह्या लेकराच्या तोंडातलं खाते!" असं किंचाळत तिनं दोन्ही हातांनी उभारी डोक्यावर नेली आणि आणली. लखननं उजवा हात आडवा धरला. हाड मोडल्याचा आवाज अंगणभर ऐकू आला.

हात कोपराखाली भलत्याच ठिकाणी वाकला होता. मडकी फुटली, घुगरी मातीत सांडली, हातातलं रक्त त्या घुगरीवर पडलं. लखन गुडघ्यांवर बसला आणि ओकला. चार बायांनी पुष्पाला मागून धरलं. गडी लखनला उचलून नायकाच्या घरी घेऊन गेले; तिथं एकजण हाडं बसवतो. त्याच्या किंकाळ्या थेट अंगणापर्यंत येत होत्या. पुष्पाला बरं वाटत होतं. खोटं कशाला सांगू, अनेक महिन्यांत पहिल्यांदा तिला मोकळं वाटत होतं.

अंगण रिकामं झालं. मातीत पडलेल्या पुऱ्या तिनं वेचून पदरात घेतल्या, झटकून ठेवायच्या म्हणून कोठीच्या खोलीकडे गेली.

खोलीत भारत उभा होता. कंबर ताठ. खांद्यापर्यंत हात कोठीत, आणि पायाशी अर्धी भरलेली पिशवी. मागच्या खिडकीपलीकडे मोहाची दारू विकणारा माणूस वाट पाहत होता. तिला पाहून तो सटकला.

भारतनं हात काढला. "लई दुखते ना वो पुष्पा. थोडीशी घेतली का झोप लागते."

"दुकानची डाळ?" तिनं विचारलं. "ते कोण भरते?"

"मले का मालूम. लखन भरते वाटते."

ती धावत नायकाच्या घरी गेली. दारातल्या बायांनी अडवलं, तिनं त्यांना ढकललं. लखन भिंतीला टेकून बसला होता. बांबूच्या काड्यांत बांधलेला हात गळ्यात, तोंड राखेसारखं.

"तुले मालूम होतं," ती म्हणाली.

लखननं तोंड भिंतीकडे वळवलं.

"सांगितलं काहून नाई? मुसळ घेऊन धावली तवाबी नाई! आज उभारी पाहून तरी सांगाचं होतं!"

"सांगितलं असतं तर त्याले मारलं असतं तुनं," लखन म्हणाला. दातांवर दात धरून, थांबत थांबत बोलत होता. "तो राह्यला असता का? दमडीचा जीव त्याचा. माह्यावर निभते, म्हटलं. इतकं नाई वाटलं होतं भाभी. गाडी कशी चालवू आता?"

तिनं त्याच्या पायांवर डोकं ठेवलं, तर त्यानं पाय ओढून घेतले.

ती घरी आली. भारत पुन्हा खाटेवर पडून कण्हत होता. उभारी अंगणात तशीच पडली होती. तिनं ती उचलली, खाटेपाशी गेली, डोक्यावर नेली. भारतनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि पोरासारखा रडायला लागला. दाराशी मानीबाई उभी होती. ती मध्ये पडली नाही.

उभारी वरच राहिली. घाव घालावा असं पुष्पाला फार वाटत होतं. पण याच्या वाट्याचा मार लखननं खाल्ला होता. तोच याला आता पुन्हा दिला, तर लखनचा हात कशापायी मोडला?

तिनं उभारी भुईवर टाकली, खाटेची कड धरून ती उचलली आणि भारतला जमिनीवर पाडलं.

"उठ," ती म्हणाली. लग्नापासून तिनं त्याला कधी अरेतुरे केलं नव्हतं. "लखनले जेवू घालाचं हाय. डाव्या हातानं त्याले जमनार नाई. तू जा, तू घास दे त्याले."

भारत उठला. तिनं कोठीतली वाटीभर दुकानची डाळ काढली आणि चुलीवर आधण ठेवलं.